आपणांस काय त्याचें?

युरोप आणि अमेरिका यांच्यामध्यें अलीकडे जी तेढ पडली आहे, तिच्याविषयीं बोलणें निघालें कीं आमच्यांतील सुशिक्षित गृहस्थ दोहोंपैकीं एक उत्तर देतो. पहिलें : तें त्यांचें घरगुती भांडण, आपणांस काय त्याचें? दुसरें : भांडूं द्या, त्यांतच आपला लाभ आहे. पहिलें उत्तर आळसाचें आहे, दुसरें हावेचें. आणि दोहोंच्या मुळाशीं अज्ञान एकच आहे.

हें पटण्यास फार लांब जावयास नको. राजगडाच्या पायथ्याशीं गुंजवणें म्हणून गांव आहे. भाताचीं खाचरें आणि गडाची चढण यांपलीकडे त्याचा जगाशीं कांहीं संबंध असेल असें वाटेकरूच्या मनांतहि येत नाहीं. परंतु ज्या काळीं ह्या गडावर शिवछत्रपतींची राजधानी होती, त्या काळाकडे पाहावें. १६६० सालीं राजापूरच्या इंग्रजांनीं सिद्दी जौहरास मिळून पन्हाळ्यावर तोफा डागल्या; १६६१ च्या आरंभीं महाराजांनीं राजापूरची वखार लुटून त्यांचें शासन केलें. त्याच वर्षाच्या जूनमध्यें इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या विवाहाचा तह होऊन मुंबई इंग्रजांस आंदण मिळाली. राजापुरांत दंडिलेला शत्रु एका लग्नाच्या बळावर मुंबईचा धनी झाला! परक्यांच्या घरगुती गोष्टी त्यांच्या घरांतच राहतात, असें म्हणणाराला याहून निराळें उत्तर काय द्यावें?

आतां दुसऱ्या उत्तराकडे वळूं. त्याच्या समर्थनार्थ नाना फडणिसांचें नांव हटकून पुढें येतें. अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं १७७६ सालीं आपण स्वतंत्र झाल्याचें जाहीर केलें. पुढल्याच वर्षीं सेंट ल्युबिन नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ, आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहों असें सांगत पुण्यास आला; आणि नानांनीं इंग्रज वकिलाच्या डोळ्यांदेखत त्याचा थाटानें सन्मान केला. नानांचे चाहते म्हणतात, नाना त्यास पुरते ओळखून होते. इंग्रजांस धाक घालण्यापुरतेंच तें बुजगावणें होतें. असेल. परंतु ज्या बुजगावण्यानें पांखरें पळावयाचीं, त्यानें लांडगे मात्र बोलावले. फ्रान्सनें १७७८ च्या फेब्रुवारींत अमेरिकेशीं तह केला. युद्धाची वार्ता पोंचतांच त्याच जुलैंत वॉरन हेस्टिंग्जनें चंद्रनगर घेतलें. पुण्यांत फ्रेंच ठाण मांडतील ह्या भयानें त्याची बंगालची फौज त्यापूर्वींच पश्चिमेकडे निघाली होती. मुंबईकरांनींहि राघोबादादांस पुन्हां पुढें केलें.

रणांगणावर आम्ही उणे पडलों नाहीं. १७७९ च्या जानेवारींत वडगांवास इंग्रजांनीं हात टेकले, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. उणे पडलों तें पुढें. १७८१ च्या ऑक्टोबरांत यॉर्कटाउन येथें कॉर्नवॉलिसनें अमेरिकनांपुढें व फ्रेंचांपुढें शस्त्रें ठेविलीं. १७८२ च्या मार्चांत लंडनचें प्रधानमंडळ कोसळलें. इंग्लंडची बाजू अशी पडती असतां १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. त्यानें साष्टी इंग्रजांकडेच राहिली. शिवाय पोर्तुगीजांवांचून दुसऱ्या कोणाहि युरोपियनास वखार घालूं न देण्याचें आम्हीं कबूल केलें. फ्रेंचांना लावावयाचें दार आम्हीं आपल्या हातांनीं लाविलें!

यांत नानांच्या बुद्धीस बोल लावण्याचें कारण नाहीं. दिल्लीची बातमी त्यांस दिल्लीच्या वकिलाकडून मिळे, हैदराबादेची हैदराबादेच्या वकिलाकडून. लंडन वा पॅरिस येथें मात्र दरबारचा कायमचा माणूस नव्हता. दैवाचा खेळ असा कीं, लंडनला मराठी माणूस पाठविला तो राघोबादादांनीं! हणमंतराव नांवाचा ब्राह्मण व त्याचे पारशी सोबती १७८१ सालीं तेथें होते, आणि एडमंड बर्कनें त्यांस आपल्या घरीं ठेवून सोंवळ्या स्वयंपाकाचीहि सोय केली होती. इंग्रजांच्या आश्रितास लंडनची वाट सांपडली. स्वतंत्र दरबारास ती सुचली नाहीं.

फळ काय झालें? यॉर्कटाउनचा पराजित कॉर्नवॉलिस १७८६ सालीं येथें गव्हर्नर-जनरल होऊन आला आणि १७९२ सालीं त्यानें टिपूचें निम्में राज्य कापून घेतलें; त्या कामीं आमच्याच फौजा त्याच्या साह्यास होत्या. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं राघोबादादांच्या पुत्रानें वसईचा तह केला, आणि कंपनीस विचारल्यावांचून परराज्याशीं बोलण्याचीहि मुभा उरली नाहीं.

कोणी म्हणेल, आज आमचे वकील साऱ्या राजधान्यांत आहेत. खरें आहे. परंतु लोकशाहींत दरबार म्हणजे सारे मतदार. वकिलाचा खलिता ऐकणारा दरबारच अडाणी असेल तर वकील काय करील? १९४९ सालीं नाटो करारानें एकत्र आलेलीं राष्ट्रें एकमेकांवर गुरगुरूं लागलीं, तेव्हां आम्ही टाळ्या पिटल्या. २०२५ च्या जुलैंत अमेरिकेनें युरोपच्या बहुतेक मालावर शेंकडा १५ जकात ठरविली आणि युरोपनें ती मान्य केली. ऑगस्टांत आमच्या पुष्कळशा मालावर ती शेंकडा ५० झाली. जो जुन्या मित्रास सोडीत नाहीं तो आपणांस सोडील, ही समजूत कोणत्या पुस्तकांतून घेतली होती? आणि २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध पेटतांच खतांचे भाव जगभर चढले, ते गुंजवण्याच्या खाचरांस टाळून गेले काय?

आमच्या घरोघरीं मुलगा न्यू जर्सीस आणि मुलगी म्यूनिकला आहे. त्यामुळें त्या देशांची आपणांस माहिती आहे असा भ्रम होतो. मुलाच्या पगाराची खबर ही त्या राष्ट्राच्या धोरणाची खबर नव्हे! मराठी वृत्तपत्रें परदेशची वार्ता बहुधा इंग्रजी वृत्तसंस्थांच्या ओंजळीनें पितात. आमच्या विद्यापीठांत फ्रेंच-जर्मन शिकणारा विद्यार्थी नोकरीसाठीं शिकतो, त्या लोकांचें राजकारण वाचण्यासाठीं नव्हे. गोविंदराव तळवलकरांसारखे लेखक मराठींत किती झाले, हें वाचकांनींच मोजावें.

कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न मागाहूनचा आहे. आधीं आपल्या डोळ्यांनीं पाहावयास शिकलें पाहिजे. राज्य गमावण्यापूर्वीं आम्हीं बातमी गमावली होती. ती चूक स्वराज्यांत पुन्हां करण्याची मोकळीक आम्हांस कोणीं दिली?