वाफसा मोजणारी चिप आणि तिची वही



रात्रीची वीज आली की मोटर सुरू करायची आणि वीज जाईपर्यंत पाणी सोडायचे, ही सवय आपल्याला जडली आहे. पिकाला पाणी हवे होते की नव्हते, हे पाहायला अंधारात कोण जाणार? मग काळ्या रानात मुळे गुदमरतात आणि तीच विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते. मातीत ओल किती आहे याची रोजची नोंद घरात असेल, तर यातले बरेच नुकसान टळते. अशी नोंद ठेवणारे लहान यंत्र आता घरच्या घरी जोडता येते. घरात डिप्लोमाला किंवा कॉम्प्युटर विषय घेऊन बारावीला असलेली मुलगी वा मुलगा असेल, तर आजचा मजकूर त्यांना शेजारी बसवून वाचावा.

चिप म्हणजे काय?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावणारा छोटा संगणक. उदाहरणादाखल रास्पबेरी पाय पिको ही पट्टी घेऊ. ती जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आली. लांबी ५१ मिलिमीटर, रुंदी २१ मिलिमीटर, म्हणजे दोन बोटांएवढी. तिच्या कडांना ४० पिना आहेत आणि साठवणुकीला २ मेगाबाइट जागा आहे.

पूर्वी अशा चिपला काम सांगायचे तर अवघड भाषा लागे, आणि लहानशा बदलासाठीही सगळा कार्यक्रम नव्याने तयार करून चिपमध्ये भरावा लागे. २०१३ मध्ये डेमियन जॉर्ज या शास्त्रज्ञाने लोकांकडून वर्गणी गोळा करून पायथॉन ही सोपी भाषा चिपमध्ये बसवण्याचे काम हाती घेतले. तिलाच मायक्रोपायथॉन म्हणतात. एक ओळ लिहा, एंटर दाबा, चिप लगेच उत्तर देते. शिकणाऱ्याला याचा फार आधार वाटतो.

चिपची अवजारे

ट्रॅक्टरच्या पीटीओला आज रोटाव्हेटर लावता, उद्या फवारणी यंत्र लावता. इंजिन तेच, अवजार बदलते. चिपच्या पोटातही अशी अवजारे असतात. एक व्होल्टेज मोजते, एक वेळ राखते, एक दुसऱ्या उपकरणाशी बोलते. मायक्रोपायथॉनमध्ये ही अवजारे ‘मशीन’ नावाच्या एका पेटीत ठेवलेली असतात. पेटी उघडायची, अवजाराचे नाव घ्यायचे आणि ते कोणत्या पिनेला लावले ते सांगायचे, एवढेच काम.

आपल्याला हवे ते अवजार ‘एडीसी’. ते व्होल्टेजचा आकडा करून देते. शून्य व्होल्टला ०, तर ३.३ व्होल्टला ६५,५३५. पिकोवर जीपी २६, जीपी २७ आणि जीपी २८ या पिनांवर ते मिळते. येथे एक खबरदारी घ्यावी. जीपी २६ म्हणजे कडेने मोजलेली २६ वी पिन नव्हे. पट्टीवर ती ३१ वी येते. नकाशा समोर ठेवूनच तार जोडावी. या पिनांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त दाब सोसत नाही. ५ व्होल्टची तार लागली तर चिप निकामी होऊ शकते.

मातीसाठी कपॅसिटिव्ह जातीचा सेन्सर घ्यावा. दोन उघडे धातूचे दाते असलेला सेन्सर स्वस्त मिळतो, पण ओल्या मातीत वीज वाहून त्याचे दाते गंजतात. सेन्सर मुळांच्या जवळ, ठिबकच्या तोटीपासून वीतभर अंतरावर खोचावा. त्याच्या पात्यावरची रेषा व वरचे भाग मातीबाहेर कोरडे राहतील असे पाहावे.

आकड्याला अर्थ आपल्या मातीने द्यायचा

सेन्सरचा आकडा म्हणजे ओलीचे प्रमाण नव्हे. शेजाऱ्याच्या मुरमाड रानातला आकडा तुमच्या काळ्या रानात चालणार नाही. म्हणून आपल्याच रानात तीन वेळा आकडा घ्यावा: माती पूर्ण कोरडी असताना, पाणी दिल्यावर लगेच, आणि वाफसा आल्यावर. वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि खाली टाकला की फुटतो, ही खूण आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती.

समजा, कोरड्या मातीत ४५,०००, वाफशाला ३३,००० आणि चिखलात २५,००० आकडा आला. या जातीच्या सेन्सरमध्ये ओल वाढली की आकडा उतरतो, हे ध्यानात ठेवावे. आकडा २५,००० च्या आसपास रेंगाळत असेल तर मुळांना हवा मिळत नाही, त्या रात्री मोटरला हात लावू नये. एकाच वाचनावर विसंबूही नये. दहा वाचने घेऊन, लहान-मोठी लावून, मधले घ्यावे.

वहीत लिहिणे

मोजले आणि विसरले तर उपयोग काय? पिकोमध्ये मायक्रोपायथॉन भरल्यावर फायलींसाठी सुमारे १४०० किलोबाइट जागा उरते. दर अर्ध्या तासाला तारीख, वेळ आणि आकडा अशी ओळ लिहिली, तर ती २५ अक्षरांत बसते. दिवसाच्या ४८ ओळी, म्हणजे १२०० अक्षरे. या हिशेबाने वही तीन वर्षे भरत नाही.

वहीचे तीन नियम मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

पहिला नियम. फाइल उघडताना ‘डब्ल्यू’ हे अक्षर दिले तर जुने सारे पुसून कोरी वही समोर येते. ‘ए’ दिले तर जुन्याच्या खाली नवी ओळ लिहिली जाते. उधारीची वही रोज फाडून नवी कोणी करत नाही. आपल्याला ‘ए’ हवे.

दुसरा नियम. ओळ लिहिली की फाइल बंद करावी. लिहिलेले काही काळ चिपच्या तात्पुरत्या स्मरणात असते, बंद केल्यावरच ते पक्के होते. पिकोची फाइल-व्यवस्था अचानक वीज गेली तरी सगळी वही बिघडू नये अशा रीतीने रचलेली आहे. पण बंद न केलेली ओळ तीही वाचवू शकत नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून हा नियम आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा.

तिसरा नियम. उगाच दर सेकंदाला लिहू नये. साठवणुकीचा प्रत्येक कप्पा सुमारे एक लाख वेळा पुसून लिहिता येतो, पुढे तो दगा देऊ लागतो. दर सेकंदाला लिहिले तर दिवसाची ८६,४०० लिखाणे होतात. माती इतक्या घाईने सुकत नाही. अर्धा तास पुरे.

तयार कार्यक्रमाला ‘मेन डॉट पीवाय’ असे नाव देऊन चिपमध्ये ठेवावे. मग वीज जाऊन आली तरी चिप आपणहून कामाला लागते. घड्याळाचे मात्र तसे नाही. पिकोला स्वतःची बॅटरी नाही, त्यामुळे वीज परत आल्यावर ती १ जानेवारी २०२१ पासून वेळ मोजू लागते. अशा तारखांची नोंद फुकट जाते. बटण-सेलवर चालणारा डीएस ३२३१ हा घड्याळाचा सुटा भाग जोडावा, आणि प्रत्येक नोंदीआधी त्याची वेळ विचारून घ्यावी.

मोटरपासून दूर

ही चिप रिले लावून मोटरही चालवू शकते, असे मुले सांगतील. ते खरे आहे, पण तूर्त त्यांना थांबवावे. थ्री-फेजच्या स्टार्टरमध्ये मुलांनी हात घालू नये. ते काम परवानाधारक वायरमनचे आहे. ओल्या बांधावर अर्धवट जोडलेली तार जिवावर बेतते, आणि जिवापुढे पाण्याचा हिशेब कसला? चिपला वीज मोबाइलच्या चार्जरची द्यावी आणि तो चार्जर शेडमध्ये, कोरड्या जागी ठेवावा. पॉवर बँक लावणार असाल तर आधी रात्रभर तपासा. इतकी थोडी वीज ओढली गेली की पुष्कळ पॉवर बँका आपोआप बंद पडतात.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी सेन्सरजवळची माती उकरून मुठीत दाबावी, आणि काय दिसले ते त्या वेळच्या आकड्यासमोर साध्या कागदावर लिहावे. पंधरवड्याने चिपमधली फाइल संगणकावर उतरवून घ्यावी आणि घरातल्या सर्वांनी मिळून ती कागदाशी ताडून पाहावी. दोन्हींचा मेळ बसला, तर पुढच्या पाळीला मोटर सुरू करण्याआधी आकडा पाहावा. मेळ बसला नाही, तर सेन्सरची जागा आणि तारा तपासून पुन्हा तीन आकडे घ्यावेत. तोवर मुठीतल्या मातीचेच ऐकावे.