खालच्या ओळींचा कैवार

जगात भांडायला विषय कमी नाहीत. पाणी आहे, वीज आहे, सोलापूरची धूळ आहे. तरी मी आज भांडायला उभा आहे तो सिनेमाच्या तळाशी उमटणाऱ्या दोन ओळींसाठी. पुण्यामुंबईकडची मंडळी त्यांना सबटायटल म्हणतात. शासकीय मराठीत त्यांना 'उपशीर्षके' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं की ही शीर्षकाची सावत्र बहीण असावी. आमच्या शुक्रवार पेठेत सरळ 'खालची अक्षरं' म्हणतात. मीही तेच म्हणणार.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कॉम्प्युटरवर सिनेमा पाहताना ही खालची अक्षरं वेगळ्या फाइलीत मिळाली पाहिजेत, मराठीत मिळाली पाहिजेत, आणि मराठी सिनेमालासुद्धा मराठीत मिळाली पाहिजेत. शेवटच्या कलमापाशी भलेभले दचकतात. "मराठी सिनेमाला मराठी अक्षरं? म्हणजे वरणावर आमटी!" असं एका विद्वान गृहस्थांनी मला भर पंगतीत ऐकवलं. वरणावर आमटी घेऊन तृप्त होणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ते असो. विद्वानांचे दोन्ही कान शाबूत होते, हा खरा मुद्दा.

आधी ही वेगळी फाइल म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो. हिचं नाव एसआरटी. नाव ऐकून एखाद्या एसटीच्या जादा गाडीची आठवण होते, पण आत उघडून पाहाल तर निव्वळ वाण्याची वही. वर अनुक्रमांक. त्याखाली वेळ: किती तास, किती मिनिटं, किती सेकंद, आणि स्वल्पविराम देऊन सेकंदाचे हजारावे भाग. मग एक बाण. बाणाच्या पलीकडे ती ओळ पुसायची वेळ. त्याखाली मजकूर, मग एक रिकामी ओळ, की पुढचा क्रमांक. संपलं. चित्र नाही, आवाज नाही, जादू नाही. साध्या नोटपॅडमध्ये उघडते, आणि ज्याला टायपिंग येतं त्याला दुरुस्त करता येते. अख्ख्या सिनेमाची ही वही सिनेमाच्या फाइलीच्या जेमतेम दहा हजाराव्या हिश्श्याएवढी भरते. पोत्यावर चिकटवलेली चिठ्ठीदेखील पोत्याच्या मानाने जड असेल.

ही वही सिनेमाच्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि दोघांचं नाव एकच ठेवायचं, एवढा विधी. पत्रिकेत नाडी जुळावी लागते तसं. नाव जुळलं नाही तर प्लेअर ओळख दाखवेलच असं नाही. मग मेनूत शिरून किंवा फाइल हाताने उचलून चालत्या चित्रावर टाकून जबरदस्तीने गाठ घालावी लागते. व्हीएलसी नावाचा प्लेअर या बाबतीत समजूतदार. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी १९९६ साली त्याचं काम आरंभलं, २००१ पासून तो सर्वांना खुला आहे, आणि अजून पैसा मागत नाही. फुकट वस्तूवर आपला विश्वास बसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता लग्न लागलं म्हणजे संसार सुखाचा होतोच असं नाही. कधी अक्षरं आधी येतात आणि माणूस मागाहून बोलतो. खलनायक नुसता खिशात हात घालत असतो, आणि खाली 'मला गोळी लागली' असं नायकाचं निवेदन उमटलेलं असतं. त्यावर उपाय आहे. व्हीएलसीत 'एच' दाबलं की अक्षरं थोडी मागे रेंगाळतात, 'जी' दाबलं की थोडी पुढे सरकतात. एका दाबाला सेकंदाचा विसावा भाग. म्हणजे एका सेकंदासाठी वीस वेळा टकटक. पाहणाऱ्याला वाटतं, घरात कोणी तारमास्तर आला आहे.

याहून वाईट रोग म्हणजे अक्षरं सुरुवातीला बरोबर असतात आणि हळूहळू निसटत जातात. त्याचं कारण असं, की सिनेमा एका सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो आणि आपल्याकडचा नि युरोपातला टीव्ही पंचवीस. पंचविसाच्या हिशेबाने लिहिलेली वही चोविसाच्या सिनेमाला लावली, तर दोन तासांच्या अखेरीस अक्षरं जवळजवळ पाच मिनिटं पुढे गेलेली असतात. खुनी कोण हे खालच्या ओळीने सांगून टाकलेलं असतं आणि वर पोलीस अजून चहा पीत असतात.

आणि देवनागरीचे हाल तर कुत्रा खात नाही. फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने साठवली नाही तर प्रेमाचा सगळा संवाद प्रश्नचिन्हांत होतो. नायिकेने काहीही विचारलं की नायकाच्या तोंडी सात प्रश्नचिन्हं. संसाराचं वर्णन म्हणून ते यथार्थ असेल, पण मराठी म्हणून नाही.

हे सगळं ऐकल्यावर शहाणा माणूस म्हणतो, "एवढी कटकट कशाला? अक्षरं चित्रावरच पक्की छापून टाका." इथेच माझं त्या शहाण्या माणसाशी भांडण आहे. पक्की छापलेली अक्षरं म्हणजे दंडावर गोंदलेलं नाव. चुकलं तरी जन्मभर तेच. ज्याला नकोत त्यालाही ती सोसावी लागतात. ज्याला मोठी हवीत त्याला ती मोठी होत नाहीत. आणि छापतात ती बहुधा इंग्रजीत, कारण ती परदेशातल्या महोत्सवातल्या परीक्षकांसाठी असतात. परीक्षकांनी जरूर पाहावं, बक्षीस द्यावं. पण सिनेमातला म्हातारा तीन मजली शिवी हासडतो आणि खाली 'प्लीज गो अवे' असं येतं, तेव्हा आमच्या सोलापूरच्या शिवीचा जो अपमान होतो त्याची दाद कुठे मागावी? वेगळी वही असली की निदान खोडून नीट लिहिता येतं. चूक दुरुस्त करायचा हक्क वाचणाऱ्याच्या हाती राहतो. छापील गोष्टींत हा हक्क फार थोड्या ठिकाणी उरला आहे.

दुसरा आक्षेप असा, की खालची अक्षरं वाचायच्या नादात चित्र सुटतं. धावत्या एसटीच्या खिडकीतून पळत्या भिंतीवरची मूळव्याधीची जाहिरात वैद्याच्या पत्त्यासकट वाचणाऱ्या लोकांना दोन ओळींचं भय घालू नका. आणि आपल्या सिनेमाचा जन्मच मुळी अक्षरांसह झाला. १९१३ चा दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मूकपट होता, दृश्यांच्या मधे मजकुराच्या पाट्या येत होत्या. लोकांनी तो डोक्यावर घेतला. 'आमचं चित्र सुटलं' म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

उलट, अक्षरांचा फायदाच होतो. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांनी गाणं ज्या भाषेत त्याच भाषेत खाली अक्षरं द्यायची कल्पना लावून धरली. १९९९ मध्ये गुजराती दूरदर्शनवरच्या गाण्यांना तशी अक्षरं आली, २००२ मध्ये 'चित्रहार'ला आली. हेतू असा, की ज्याला जेमतेम अक्षरओळख आहे त्याने गाणं गुणगुणता गुणगुणता वाचायला लागावं. गाणं पाठ असतंच, डोळा आपोआप अक्षरामागून धावतो. वरणावर आमटी म्हणणाऱ्या विद्वानांनी कधी याही पंगतीला बसून पाहावं.

पण हे झालं शिक्षण. माझ्या भांडणाचं मूळ दुसरीकडेच आहे. सोलापूर हे मागांचं गाव. गिरण्या होत्या, गिरण्या गेल्या. यंत्रमाग अजून आहेत. जगाने आमची चादर पांघरली. तिच्या विणकामाचा खडखडाट मात्र आमच्या माणसांच्या कानात राहिला. आमचे थोरले बंधू, अण्णा, एका गिरणीत जवळजवळ तीस वर्षं मागावर उभे होते. तिथे बोलणं खुणांनी आणि ओठांनी चाले. गिरणी बंद पडली तोवर अण्णांचे कानही बंद पडत आले होते. कानाचं यंत्र आणलं. ते लावलं की संवादाबरोबर पंखा, कुकर आणि गल्लीतला भंगारवाला, सगळे सारख्याच आवाजात नायिकेशी बोलू लागतात. यंत्र डबीत गेलं.

बहिऱ्या माणसाचं दुःख दिसत नाही, कारण तो चारचौघांत हसत असतो. अण्णा सिनेमा पाहताना पडद्याकडे कमी आणि आमच्या तोंडाकडे जास्त पाहायचे. आम्ही हसलो की हसायचे. आमच्यानंतर, एक क्षण उशिरा. पुढेपुढे ते 'झोप येते' म्हणून उठून जाऊ लागले. ज्या माणसाने 'पिंजरा' अकरा वेळा पाहिला त्याला सिनेमात झोप येते यावर कोण विश्वास ठेवील? आता सांगा, मराठी सिनेमाला मराठी अक्षरं कशाला?

शिवाय कान शाबूत असूनही भागत नाही, हे आमच्या पेठेत राहिलं की कळतं. समोरच्या अक्का घरात तेलुगू बोलतात, पण शाळा मराठी झालेली, म्हणून वाचतात मराठी. त्यांच्यावर राहणारं बिऱ्हाड कन्नड. कोपऱ्यावरचे चाचा उर्दू. एका सिनेमाला अशा चार वह्या असल्या की चारही घरांनी आपापली लावून पाहावं. चित्रावर पक्की छापायची म्हटलं तर चार भाषांच्या आठ ओळींत नायक गळ्यापर्यंत बुडायचा. आणि फक्त परभाषांचंच कशाला? 'फँड्री'तली घरची माणसं कैकाडी बोलतात. आमच्याच जिल्ह्यातल्या नागराज मंजुळ्यांचा सिनेमा. पण तिथे पुण्यातल्या शुद्धलेखनवाल्यांनाही खालच्या ओळींकडेच पाहावं लागणार.

यातला कळस आमच्या डॉक्टर कोटणीसांचा. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथल्या सैनिकांची सेवा करीत १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. वय बत्तीस. व्ही. शांतारामांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला, तो आपल्याला ठाऊक आहे. चिन्यांनी १९८२ मध्ये त्यांच्यावर आपला सिनेमा काढला, तो फारसा ठाऊक नाही. माझ्या हाती त्याची प्रत आली, सोबत खालच्या अक्षरांची वेगळी वही. इंग्रजीत! म्हणजे सोलापूरच्या माणसाची गोष्ट सोलापूरच्या माणसाने सोलापुरात बसून पाहायची, तर बीजिंगहून निघून व्हाया लंडन शुक्रवार पेठेत यायचं.

अक्कांची नात इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, "काका, वेळा तशाच ठेवू, मजकूर तेवढा बदलू." घर तेच, बिऱ्हाड नवं. रोज रात्री तास-दीड तास आम्ही बसलो. ती इंग्रजी वाचायची, मी मराठी सांगायचा, अक्का 'असं कोण बोलतं?' म्हणून निम्मं खोडायच्या. तीन आठवड्यांत वही पुरी झाली. अक्षरं जाड, पिवळी, अण्णांच्या चष्म्याला सोसतील एवढी मोठी केली. त्या रात्री अण्णांना झोप आली नाही. आणि शेवटाकडे त्यांनी डोळे पुसले ते आमच्या आधी. किती वर्षांनी ते कशात तरी आमच्या पुढे होते!

तीन हौशी माणसांनी तीन आठवड्यांत जे केलं ते सिनेमा काढणाऱ्यांना जड का जावं? संवाद लिहिलेले असतात. सेन्सॉरकडे जाताना संहिता द्यावीच लागते. म्हणजे मजकूर टाइप होऊन तयार आहे, फक्त वेळा घालायच्या. कायदाही झोपलेला नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऐकू न येणाऱ्यांसाठी टीव्हीवर खुणांची भाषा किंवा खालची अक्षरं हवीत असं लिहिलं आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सिनेमागृहांतल्या चित्रपटांसाठीही अशा सोयींची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. आता अभिजात भाषेने पडद्याच्या तळाशी दोन ओळींइतकी जागा मागितली तर ती उद्धट ठरू नये.

तेव्हा निर्माते हो, दिग्दर्शक हो, आणि फोनवर नि टीव्हीवर घरपोच सिनेमे पोचवणाऱ्या श्रीमंत कंपन्यांनो, इंग्रजी वही द्या, जरूर द्या. तिच्या शेजारी एक मराठी ठेवा. वेगळी ठेवा, उघडी ठेवा, यूटीएफ-८ मध्ये ठेवा, म्हणजे ज्याला हवी तो लावील, नको तो काढील, आणि अक्कांसारखं कोणी निम्मं खोडील. विनोद झाला की घरातल्या सगळ्यांना एकदम हसता यावं, एवढंच मागणं आहे. सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक पडला तर आम्ही चालवून घेऊ.