दुसऱ्या वर्षाचे दार

बारावीचा निकाल आणि धानाचे पऱ्हे टाकण्याचे दिवस भंडारा जिल्ह्यात थोडेफार मागेपुढेच येतात. बियाणे, खत आणि नांगरणी यांचा खर्च समोर उभा असतानाच मुलाच्या वा मुलीच्या पुढील शिक्षणाचा निर्णय घ्यावा लागतो. लाखनीहून नागपूर सुमारे ८० किलोमीटर. एस.टी.ने रोज जाऊन येऊन शिकणे कठीण, आणि तेथे राहावयाचे म्हटले तर खोलीची अनामत, भाडे आणि खानावळ यांचे पैसे एकदमच मोजावे लागतात. मुलीच्या बाबतीत तर पैशाच्या जोडीला इतरही शंका उभ्या राहतात. घरात दोन-चार दिवस खल होतो आणि बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबतो : यंदा लाखनीतच प्रवेश घ्यावा, दुसऱ्या वर्षी नागपूरचे पाहता येईल.

या वाक्यात गैर काही नाही. ऐपत पाहून पाऊल टाकणारी ती माणसे आहेत, आणि चांगल्या ठिकाणी शिकावे ही मुलांची इच्छाही रास्तच आहे. परंतु या हिशेबात एक गोष्ट न तपासताच धरलेली असते. पहिल्या वर्षाचे दार जसे उघडे असते तसेच दुसऱ्या वर्षाचेही असेल, असा तो समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे, आणि ती जून महिन्यात कळण्याऐवजी पुढच्या वर्षीच्या जुलैत कळते हीच खरी अडचण होय.

पहिल्या वर्षाचा प्रवेश हा जाहीर कार्यक्रम असतो. त्याची जाहिरात निघते, अर्ज मागविले जातात, गुणवत्ता याद्या लागतात, आरक्षणाच्या जागा ठरलेल्या असतात आणि तक्रार असल्यास दाद मागण्याची सोयही असते. बाहेरून दुसऱ्या वर्षात येणाऱ्यासाठी कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत यांपैकी फारच थोडे असते. त्याच्यासाठी जागा राखून ठेवलेल्या नसतात. कोणी नापास झाला, कोणी सोडून गेला, कोणाला दुसऱ्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला, तर जी जागा मोकळी होईल तीच त्याच्या वाट्याला येणार. आता ज्या महाविद्यालयात शिरण्यासाठी सगळ्यांचीच धडपड चाललेली असते, तेथून निघून जाणारे थोडेच असणार हे उघड आहे. विज्ञान शाखेत तर प्रयोगशाळेतील टेबलांची संख्याच तुकडीची मर्यादा ठरविते. म्हणजे महाविद्यालय जितके नामांकित तितके त्याचे दुसऱ्या वर्षाचे दार अरुंद. ज्यांची दारे सताड उघडी आहेत त्यांच्यासाठी लाखनी सोडण्याचे कारणच काय, याचाही विचार घरोघर व्हावयास हवा.

नागपूरला जाऊन नेमके काय मिळवावयाचे, हा प्रश्न त्यामुळे आधी विचारला पाहिजे. पुष्कळ पालकांची समजूत अशी असते की नागपूरच्या महाविद्यालयात शिकले की पदवी मोठ्या विद्यापीठाची मिळते. लाखनीचे समर्थ महाविद्यालय आणि नागपुरातील बहुतेक जुनी महाविद्यालये एकाच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवीपत्र दोन्ही ठिकाणी एकाच विद्यापीठाचे. १९२३ साली हे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी नागपूरच्या मॉरिस आणि हिस्लॉप महाविद्यालयांतील विद्यार्थी अलाहाबाद विद्यापीठाचे पदवीधर होत असत, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. २०११ मध्ये चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. भंडारा व गोंदिया मात्र नागपूर आणि वर्धा यांच्यासह जुन्याच विद्यापीठात राहिले. तेव्हा केवळ विद्यापीठाच्या नावासाठी ८० किलोमीटर जाण्याचे कारण नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, एखादा विशिष्ट विषय, स्पर्धा परीक्षेचे वातावरण, सोबतचे विद्यार्थी, ही खरी कारणे होत आणि ती लहान नाहीत. पण ती कोणत्या महाविद्यालयात खरोखर आहेत आणि कोणत्या महाविद्यालयाच्या केवळ पाटीवर आहेत, हे मुलाने स्वतः एकदा जाऊन पाहिलेले असावे.

खरा अडसर विषयांचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी रचना सुरू झाली, तीत विद्यार्थी एक मुख्य विषय घेतो आणि त्याच्या जोडीला दुय्यम व खुल्या निवडीचे विषय असतात. तालुक्याच्या महाविद्यालयात जे विषय शिकविले जातात त्यांतूनच ही निवड करावी लागते. ज्याला पुढे नागपूरला जाऊन भूगर्भशास्त्र वा संख्याशास्त्र घ्यावयाचे आहे आणि जो पहिल्या वर्षी ते विषय नसलेल्या महाविद्यालयात बसतो, त्याच्यासाठी दुसऱ्या वर्षाचे दार पहिल्याच दिवशी बंद झालेले असते. त्याला ते कोणी सांगत नाही एवढेच. स्वायत्त महाविद्यालयांच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते, कारण विद्यापीठ तेच असले तरी अशी महाविद्यालये आपला अभ्यासक्रम आपणच ठरवितात आणि परीक्षाही आपणच घेतात. पुण्यासारख्या दुसऱ्या विद्यापीठात जावयाचे असेल तर मायग्रेशन, पात्रता आणि अभ्यासक्रमाची समकक्षता, असे तीन उंबरठे पार करावे लागतात.

यावर असे सांगितले जाते की आता श्रेयांकांची पद्धत आली असून सर्व काही सोपे झाले आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही योजना आणली. विद्यार्थ्याने एका ठिकाणी मिळविलेले श्रेयांक त्याच्या नावे जमा व्हावेत, ते साधारणतः सात वर्षांपर्यंत टिकावेत आणि दुसऱ्या संस्थेत वापरता यावेत, ही कल्पना स्वागतार्हच आहे. पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावेत, ही अटही समजण्यासारखी आहे. पण पेढीत पैसे असले म्हणजे दुकानात माल असतोच असे नाही. श्रेयांक जमा आहेत म्हणून कोणत्याही महाविद्यालयाने जागा दिलीच पाहिजे, असा अर्थ त्यातून निघत नाही. श्रेयांकांची संख्या जुळली तरी विषय जुळतीलच असेही नाही. दिल्लीत झालेल्या घोषणेवर विसंबून लाखनीतील कुटुंबाने निर्णय घेतला तर भरवशाच्या म्हशीला टोणगा, असाच अनुभव पदरी पडावयाचा.

बदलीची वाट खरोखर चालती ठेवावयाची तर काय करावे लागते, याचे उदाहरण जगात आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाचा एक आराखडा स्वीकारला. गावोगावच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत शिकून विद्यार्थ्याने पुढे राज्याच्या विद्यापीठात जावे, हे त्यात प्रथमपासूनच धरलेले होते. त्यासाठी विद्यापीठांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण ६० आणि खालच्या वर्गांतील ४० असे ठेवावे, असे ठरले. बाहेरून येणाऱ्यांसाठी वरच्या वर्गात जागा निर्माण व्हाव्यात हा त्याचा हेतू होता. कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात चालेल, याच्या याद्याही तेथे विद्यार्थ्याला आधीच पाहावयास मिळतात. तेथेही ठरविलेले सारे साध्य झाले असे नाही, आणि वाटेत गळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पण जागा आणि यादी यांवाचून बदलीचे नियम कागदावरच राहतात, ही गोष्ट तेथील धोरणकर्त्यांनी ओळखली होती.

एवढे दूर जाण्याचीही गरज नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षे काढून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाट महाराष्ट्रात कित्येक वर्षे चालू आहे. ग्रामीण भागातील असंख्य मुले त्या वाटेने अभियंता झाली. ती वाट चालते याचे कारण साधे आहे : तेथे पदविकाधारकांसाठी जागा निश्चित आहेत, केंद्रीभूत फेऱ्या होतात, गुणवत्ता यादी लागते आणि तारखा जाहीर होतात. जे अभियांत्रिकीला जमते ते विज्ञान वा वाणिज्य शाखेला का जमू नये, याचे उत्तर विद्यापीठाने द्यावयास हवे.

केंद्रीय विद्यापीठांकडे डोळे लावून बसलेल्यांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. २०२२ पासून तेथील पदवीचे प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेने होतात, आणि ते मुख्यतः पहिल्या वर्षाचे असतात. गावात एक वर्ष काढून पुढच्या वर्षी ती परीक्षा देणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षात जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. हे माहीत असून कोणी तसे करणार असेल तर तो त्याचा निर्णय. पदव्युत्तर प्रवेशाचे मात्र तसे नाही. तेथे सर्वांनाच नव्याने अर्ज करावा लागतो, आणि लाखनीचा पदवीधर व पुण्याचा पदवीधर यांना परीक्षेची प्रश्नपत्रिका एकच असते. नागपूरचे विद्यापीठ विभाग, वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, हैदराबाद, दिल्ली, ही सारी दारे तीन वर्षांनंतर रीतसर उघडतात. ज्याची ऐपत बेताची आहे त्याने घराजवळ तीन वर्षे नीट काढून त्या दारावर थाप मारावी, यात माघार नाही.

‘नीट काढून’ या शब्दांवर मात्र जोर द्यावा लागेल. कारण पहिले वर्ष हे केवळ थांबण्याचे वर्ष आहे असे एकदा मनाने घेतले की विद्यार्थी वर्गात येत नाही. वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा देण्यासाठी नावापुरता बी.एस्सी.ला प्रवेश घेणारी मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांचे अंतर्गत गुण जातात, एखादा विषय राहतो, आणि जेव्हा खरोखर दुसऱ्या महाविद्यालयात जावयाची वेळ येते तेव्हा हातात ‘एटीकेटी’ची गुणपत्रिका असते. अशा विद्यार्थ्याला मोकळी जागा असूनही कोण घेणार? तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, ही स्थिती त्याने स्वतःच ओढवून घेतलेली असते. यात प्राध्यापकांनाही पूर्णपणे निर्दोष ठरविता येणार नाही. पुढच्या वर्षी जाणारच आहे म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष केले, तो बहुधा तीनही वर्षे त्याच बाकावर बसलेला असतो.

आणि तरीही जावयाचेच असेल तर तयारी प्रवेशाच्या दिवसापासून व्हावी. नागपूरच्या ज्या महाविद्यालयात जावयाचे आहे तेथील मुख्य विषय आधी पाहून लाखनीत तोच निवडावा. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षात बाहेरचे किती विद्यार्थी घेतले, हे तेथील कार्यालयात विचारावे. शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणावर महाविद्यालय बदलण्याचा काय परिणाम होतो तेही आधीच समजून घ्यावे, कारण अनेक घरांचा सारा हिशेब त्या रकमेवर उभा असतो. आणि नव्या ठिकाणचा प्रवेश लेखी निश्चित झाल्यावाचून जुन्या महाविद्यालयातून टी.सी. काढू नये.

ही सारी माहिती आज विद्यार्थ्याला कोठून मिळते? बहुतेक वेळा महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका खिडकीवर, प्रवेशाच्या गर्दीत, कामाने थकलेल्या लिपिकाकडून. त्याला स्वतःला जेवढे ठाऊक असेल तेवढेच तो सांगणार, आणि त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. दोष वरचा आहे. प्रत्येक संलग्न महाविद्यालयाने आदल्या वर्षी दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात किती जागा रिकाम्या राहिल्या, त्यांपैकी किती बाहेरच्यांना दिल्या आणि कोणते विषय समकक्ष मानले, एवढा तक्ता विद्यापीठाने मागवून घ्यावा. प्रवेशाच्या नोंदी महाविद्यालयांकडे असतातच, त्यामुळे हे काम काही आठवड्यांत होण्यासारखे आहे. तो तक्ता बारावीचा निकाल लागण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावा आणि लाखनी, साकोली, पवनी, तुमसर येथील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर मराठीत लागावा.