तलावाची विहीर करू नका

उन्हाळा तापला की आमच्या झाडीपट्टीत तलावांवर पोकलेन उतरतात. गाळ निघतो, ट्रॅक्टर भरभरून शेतात जातो, तलाव खोल होतो आणि काम फत्ते झाल्याचे फलक लागतात. मी गोंदिया जिल्ह्यातला ढीवर, मासेमार. आमच्या घरची चूल पिढ्यान्‌पिढ्या गावच्या मामा तलावावर पेटत आली आहे. म्हणून ठासून सांगतो, खोलीच्या नादात आपण तलावाचा काठ खरवडून टाकतो आहोत. आमचा गावरान मासा जन्मतो तो काठावर.

हे तलाव कोणत्याही सरकारी योजनेतून झालेले नाहीत. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी बांधल्या, सांडवे काढले, धानाला पाणी सोडायला तुडुम बसवले. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. म्हणून ते माजी मालगुजारी, बोलण्यात ‘मामा’ तलाव. बांधणाऱ्यांनी पाळीजवळ खोल पाणी ठेवलं आणि समोरच्या बाजूला, जिकडून पावसाचं पाणी आत येतं तिकडे, लांबवर उथळ उतार राहू दिला. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी पसरतं. देवधान उगवतं, चिला वाढतो, पोवनाची पानं तरंगतात. मरळ, शिंगी, मांगूर तिथेच अंडी घालतात.

मरळीचं घर पाहायचं असेल तर पावसाळ्यात काठावर उभं राहा. गवत बाजूला सारून नर-मादी थोडी जागा मोकळी करतात. काही दिवसांनी पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसतो. तो खाली जातो, पुन्हा वर येतो आणि पाणी बारीक खदखदल्यागत हलतं. मायबाप खाली राखणीला असतात. त्या पुंजक्यावर जाळं फेकायचं नाही, हे आमच्या लेकरांना शाळेत जाण्याआधी कळतं. राखण करणारा मासा धरला तर अख्खी वीण दुसऱ्या माशांच्या तोंडी जाते.

आमच्या गावात यंत्र आलं तेव्हा मी चालकाला म्हणालो, “बाबू, हा उतार तेवढा सोड.” तो म्हणाला, “काकाजी, बिल घनमीटरवर निघते जी. काठ सोडला तर माप कसं भरेल?” पोरगा खरं बोलला. दोष त्याचा नाही, मापाचा आहे. ज्या कामात फक्त उपसलेली माती मोजली जाते, तिथे देवधानाचं बेट राखणाऱ्याला कोण विचारणार? त्या पावसाळ्यात तिथे सरळ कड उभी होती आणि मरळीला अंडी घालायला जागा नव्हती.

यावर उत्तर मिळतं की मत्स्यबीज सोडा. आम्ही सोडतोच. कटला, रोहू, मृगळ बाजारात चालतात आणि आमच्या मासेमार सोसायटीचा ठेका त्यांच्यावरच निघतो. पण हे नदीचे मासे, तलावाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी 1957 साली ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण करून दाखवली, म्हणून आज बोटुकली विकत मिळते. फार मोठं काम ते! तरीही ते बीज दरवर्षी पैसे मोजून आणावं लागतं आणि एका पुरात सांडव्यावरून निघून जातं. गावरान मासा फुकट वाढतो. शिवाय कटला-रोहू व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, काठावर बायांनी टोपलीने धरलेली बारीक मासोळी मात्र घरच्या ताटात पडते. काठ गेला की पहिल्यांदा बायांचा वाटा जातो.

शेतकऱ्याला पाणी हवं आणि गाळही हवा, हे मला मान्य आहे. मीही दोन बांध्या धान लावतो. गाळ काढाच, पण तलावाच्या पोटातून, खोल भागातून काढा. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलावांवर काम करणारे मनीष राजनकर, शालू कोल्हे आणि त्यांच्यासोबतच्या ढीवर बायामाणसांनी तलावात माजलेली बेशरमाची झुडपं उपटली, काठाची जमीन नांगरली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. तलाव सुधारण्याची ही रीत आमच्याच मातीतली आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 मध्ये आली. तिच्या प्रत्येक अंदाजपत्रकात ही रीत का बसू नये?

माझ्या मागण्या तीन. यंत्र उतरण्याआधी मासेमार सोसायटी आणि गावच्या बाया यांना सोबत घेऊन उथळ काठाची हद्द आखा, खुंट्या ठोका आणि त्या हद्दीत खोदलेल्या मातीचं बिल काढू नका. बेशरम काढणं आणि वनस्पती लावणं हे मजुरीचं काम धरा. तिसरी मागणी माझ्याच भावकीकडे आहे. राज्याच्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची जाळी बंद असतात. आपल्याकडे त्याच दिवसांत पहिल्या पाण्यावर चढणारा, अंड्यांनी भरलेला मासा सांडव्यावर टोपल्यांनी धरला जातो. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि वीण होईपर्यंत सांडवा मोकळा सोडा. सरकारकडे काठ मागायचा असेल, तर आधी आपण माशाची वाट सोडली पाहिजे.