खाना कोणी ठरवावयाचा?

आयातशुल्काचा विचार आपल्याकडे बहुधा दरांपुरताच होतो. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी महाग-स्वस्त वस्तूंच्या याद्या छापून येतात, त्यांवर मतप्रदर्शन होते आणि विषय संपतो. परंतु दर लागू होण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो: समोर आलेली वस्तू मुळात आहे काय? हा प्रश्न संसदेत चर्चिला जात नाही. तो बंदरावरील सीमाशुल्क कचेरीत सुटतो, किंवा वर्षानुवर्षे सुटतच नाही. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण-साधनांच्या बाबतीत तर दराइतकेच महत्त्व या वर्गीकरणाला आले आहे.

जिंतूर तालुक्यातील बोरीच्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध त्याच्या सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरपाशी आहे. ही पेटी पॅनेलमधून येणाऱ्या विजेचे मोटरीला लागणाऱ्या विजेत रूपांतर करते, ऊन कमीजास्त होईल तशी पॅनेलमधून अधिकाधिक शक्ती काढून घेते आणि विहिरीचे पाणी तळाला गेले की मोटर थांबवते. आता हिला शुल्क-अनुसूचीत कोणता खाना द्यावयाचा? विजेचे रूपांतर हे मुख्य कार्य मानले तर शीर्ष ८५०४. स्विच, रिले अशी दोन वा अधिक उपकरणे बसविलेले नियंत्रण-पॅनेल मानले तर ८५३७. एखादी राशी मोजत राहून ती इष्ट मूल्यावर राखणारे स्वयंचलित नियामक मानले तर ९०३२. पेटीऐवजी सुटे भाग आणले तर रिलेचे शीर्ष ८५३६, डायोडचे ८५४१, आयसीचे ८५४२. यांपैकी आयसी १९९७ च्या माहिती-तंत्रज्ञान करारामुळे शुल्कमुक्त झाले. उलट सौर इन्व्हर्टरवरील शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पाने ५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेले. म्हणजे वस्तू तीच, पण तिला काय म्हणावयाचे यावर सरकारी तिजोरीत किती जाईल हे ठरते.

ही शंका पुस्तकी नाही. २०१७ साली आयात सौर पॅनेले चेन्नई बंदरात अडकून पडली. ती ८५४१ खाली निःशुल्क, की वीज-जनित्रे म्हणून ८५०१ खाली साडेसात टक्के शुल्कास पात्र, असा वाद होता. अखेर एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने परिपत्रक काढले. केवळ बायपास डायोड असलेले पॅनेल पहिल्या खान्यात, आणि ब्लॉकिंग डायोडसारखे घटक जोडल्याने बाहेरच्या यंत्रास थेट वीज पुरवू शकणारे दुसऱ्या खान्यात, असा त्याचा आशय होता. एका क्षुल्लक डायोडवर संपूर्ण मालाचे भवितव्य ठरले, आणि तेही माल बंदरावर येऊन पडल्यानंतर!

रेल्वेच्या सिग्नल-यंत्रणेतील रिलेचे उदाहरण याहून बोलके आहे. वेस्टिंगहाउस सॅक्सबी फार्मर या पश्चिम बंगाल सरकारच्या कंपनीचे रिले ८६०८ मधील रेल्वे-सिग्नल साधने, की ८५३६ मधील सामान्य विद्युत उपकरणे, हा अबकारी वाद नव्वदीच्या दशकात उद्भवला. सर्वोच्च न्यायालयाने तो मार्च २०२१ मध्ये कंपनीच्या बाजूने निकालात काढला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये, हा निकाल वाहनांच्या सुट्या भागांना सरसकट लावू नये, अशी सूचना केंद्रीय मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांना केली. अनिश्चिततेचे वर्तुळ पुन्हा सुरू झाले.

मराठवाड्याच्या अंगणातही हा वाद आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे मोटारी जुळविणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगन कंपनीस सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस मिळाली. जवळजवळ पूर्ण मोटारी सुट्या भागांच्या नावाखाली आणल्या, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारून उच्च न्यायालयात धाव घेतली. या वादात कोण बरोबर, हे न्यायालय सांगेल. आमचा मुद्दा निराळा आहे. अशा कंपनीपाशी नामांकित वकील असतात आणि वर्षानुवर्षे लढण्याची ऐपत असते. कंट्रोलर जुळविणाऱ्या लहान कारखानदारापाशी यांतले काहीच नसते. २०११ पासून स्वयंनिर्धारणाची पद्धत असल्याने योग्य खाना निवडण्याची जबाबदारीही त्याचीच. माहिती दडविल्याचा ठपका आला तर पाच वर्षे मागे जाऊन मागणी करता येते. आगाऊ निर्णय मागण्याची सोय आहे. पण ती अधिकरणे दिल्ली व मुंबई येथे, आणि अर्जाचे शुल्क दहा हजार रुपये.

देशी उद्योगास संरक्षण देण्यास आमचा विरोध नाही. तयार वस्तूवर अधिक आणि सुट्या भागांवर कमी शुल्क ठेवून येथील कारागिरास वाव देणे हे समंजस धोरणच होय. परंतु धोरण उघडपणे, दराच्या रूपाने मांडले पाहिजे. ते खान्यांच्या संदिग्धतेतून मागील दाराने आले, तर संरक्षण कोणाला मिळाले आणि भुर्दंड कोणी सोसला याचा हिशेबच राहात नाही. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. बाकीचा भार शासनाचा. म्हणजे वाढलेले शुल्क बहुतांशी एका सरकारी खिशातून दुसऱ्यात जाते. परंतु पुरवठादाराची पाच वर्षांची हमी संपल्यावर कंट्रोलर जळाला, तर बाजारभावाने नवा घेण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. तेव्हा शुल्काचा प्रत्येक रुपया त्याच्या कापसातून आणि सोयाबीनमधून जातो.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक योजनांतून खरेदी होणाऱ्या साधनांचे वर्गीकरण निविदा निघण्यापूर्वीच ठरावे आणि निविदेत नमूद व्हावे. वर्गीकरणाचे निर्णय कारणांसह, मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध व्हावेत. अधिकाऱ्यांनी एकदा स्वीकारलेला खाना पुढे बदलला, तर लपवाछपवी सिद्ध झाल्याखेरीज लहान उत्पादकाकडून मागील वर्षांची वसुली होऊ नये. लहान अर्जदारांस आगाऊ निर्णयाचे शुल्क माफ असावे.

कार्यकर्त्यांनी हा विषय तज्ज्ञांचा म्हणून सोडून देऊ नये. धान्याचे माप कोणाच्या हाती आहे, हे पाहण्यास शेतकरी चळवळ कधी चुकली नाही. शुल्काचा खाना हेही एक मापच आहे. ते कोणाच्या हाती आहे आणि कसे भरले जाते, हे विचारण्याचा अधिकार बोरीच्या शेतकऱ्यालाही आहे.