गिऱ्हाइकाचा साबण आणि दुकानदाराची पत

शीळफाट्यावर मुंब्रा, पनवेल, कल्याण आणि महापे या चारही बाजूंची वाहतूक येऊन मिळते. ट्रक-कंटेनरचे ड्रायव्हर, कारखान्यांचे कामगार आणि आसपासच्या वस्त्यांतील कुटुंबे अशी सर्व प्रकारची गिऱ्हाइके येथे असतात. मध्यंतरी येथील एका दुकानात आम्ही उभे असताना एक वयस्कर गृहस्थ आले. हातात सामानाची चिठ्ठी होती. त्यांनी विचारले, "भाई, दाढीचा तो डबीतला साबण आहे का? गोल वडी असते तो?" दुकानदार मान वर न करताच म्हणाला, "चाचा, आता तो कोण वापरतो? ही ट्यूब घ्या, एकावर एक फ्री आहे." चाचांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि ते निघून गेले. साबण तर गेलाच, चिठ्ठीवरचे बाकीचे सामानही गेले.

दुकानदार हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. एखादा माणूस तीस-चाळीस वर्षे एकाच साबणाला धरून राहतो तो हट्ट म्हणून नव्हे. त्याच्या कातडीला तो मानवलेला असतो. दाढीचा साबण हा अंघोळीच्या साबणाहून वेगळा असतो. त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त असते आणि कॉस्टिक सोड्याच्या जोडीला कॉस्टिक पोटॅश वापरतात. त्यामुळे फेस दाट होतो, लवकर सुकत नाही आणि केसाजवळ पाणी धरून ठेवतो. केस खरा मऊ होतो तो पाण्याने. साबणाचे काम ते पाणी टिकवण्याचे आणि वस्तरा घसरता ठेवण्याचे. म्हणूनच जुने कारागीर आधी गाल चांगला भिजवतात, मग दोन-तीन मिनिटे ब्रश फिरवतात. हे न करता कितीही महाग क्रीम लावले तरी गालाची आग होणारच.

येथे पाण्याचाही विचार करावा लागतो. ज्या वस्त्यांत बोअरचे पाणी वापरावे लागते तेथे ते पुष्कळदा जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून साका बनवतात व फेस बसतो. गिऱ्हाईक म्हणते साबण खराब निघाला. दुकानदाराला हे ठाऊक असेल तर तो सांगेल की साबण थोडा जास्त घ्या, नाहीतर दाढीपुरते उकळून गार केलेले पाणी वापरा. अशा एका सल्ल्याने गिऱ्हाईक कायमचे बांधले जाते.

गिऱ्हाईक न ओळखण्याची किंमत मोठमोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे. जिलेट कंपनीने २००२ मध्ये 'व्हेक्टर' नावाचा रेझर भारतात आणला. त्याची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर झाली होती. त्यांच्याकडे चोवीस तास नळाचे पाणी होते. येथे माणूस वाटीभर पाण्यात दाढी करतो, तेव्हा रेझरमध्ये केस अडकू लागले. पुढे कंपनीची माणसे भारतातील घराघरांत जाऊन बसली, लोक दाढी कशी करतात ते पाहिले आणि २०१० मध्ये पंधरा रुपयांचा 'गार्ड' रेझर आणला. तो चालला. जी गोष्ट समजण्यासाठी परदेशी कंपनीला एवढी वर्षे लागली, ती फाट्यावरच्या दुकानदाराला काउंटरवर बसल्या बसल्या कळू शकते. फक्त मान वर करायला हवी.

आता एका नाजूक विषयाकडे वळू. दाढी राखणाऱ्यालाही गळा आणि गालाची रेघ साफ करावीच लागते. म्हणजे साबण आणि ब्रश प्रत्येक घरात आहे. पण ब्रशचे केस कशाचे, हा प्रश्न किती दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारतात? हे केस डुकराचे असू शकतात, बिज्जूचे असू शकतात, घोड्याचे किंवा नायलॉनचेही असू शकतात. साबणाचेही तसेच. वेष्टनावर 'सोडियम टॅलोएट' लिहिले असेल तर त्यात जनावराची चरबी आहे. 'पामेट' म्हणजे पामतेल, 'कोकोएट' म्हणजे खोबरेल. याच मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ मध्ये चरबीऐवजी वनस्पती तेलापासून 'चावी' हा साबण बनवून बाजारात आणला. साबणात काय आहे याची गिऱ्हाइकाला पर्वा असते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.

माल खोटा सांगून विकण्याचा परिणाम किती भयंकर होतो, याचे उदाहरण ब्रशच्याच इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बिज्जूच्या केसांचा तुटवडा पडला, तेव्हा घोड्याच्या केसांना रंग देऊन ते बिज्जूचे म्हणून खपवले गेले. नीट निर्जंतुक न केलेल्या त्या ब्रशांतून इंग्लंड-अमेरिकेत अँथ्रॅक्स पसरला आणि माणसे दगावली. तेव्हा ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही, विचारून सांगतो" म्हणावे. त्यात कमीपणा नाही. मालाचा दोष लपवू नये ही शिकवण आपल्याला कोणी नव्याने द्यायला नको.

आपल्या सलमानी बांधवांनाही आमचे सांगणे आहे. ब्रश नायलॉनचा ठेवा. तो स्वस्त असतो, लवकर सुकतो आणि धुण्यास सोपा. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर तो धुवा, पाते नवे लावा, आणि हे सर्व त्याच्यासमोर करा. ज्याचा जो साबण ठरलेला आहे तो त्याच्या नावाने वेगळा ठेवता आला तर फारच उत्तम.

काहीजण म्हणतील, जुन्या साबणात नफा तो काय? वडी महिनोन्महिने संपत नाही, कंपनीची स्कीम नसते. गोष्ट खरी आहे. पण २०२३ मध्ये गोदरेज कंपनीने रेमंडकडून 'पार्क अव्हेन्यू' वगैरे नावांचा धंदा २,८२५ कोटी रुपयांना घेतला. एवढी रक्कम कशासाठी मोजली? लोकांना त्या नावाची सवय आहे म्हणून. लोकांची सवय हीच मोठी दौलत आहे. मोठ्या कंपन्या ती कोट्यवधींना विकत घेतात आणि आपण ती एका वाक्यात उठवून लावतो!

आमची सूचना साधी आहे. एक वही ठेवा. जो माल मागितला आणि मिळाला नाही, तो मागणाऱ्याच्या नावासह लिहा. पुढच्या खेपेस अब्दुल रहमान स्ट्रीटला खरेदीला जाल तेव्हा वही बरोबर न्या. बंद पडलेला माल असेल तर तसे स्पष्ट सांगा आणि त्याच्या जवळचा साबण एखादी वडी वापरून पाहण्यासाठी द्या. मॉलचा आणि मोबाईलवरच्या बाजाराचा मुकाबला आपण भावाने करू शकणार नाही, ओळखीने मात्र करू शकू. चाचांची ती चिठ्ठी आज दुसऱ्या कोणाच्या तरी काउंटरवर उघडली जात असेल.