जनमताचा कौल आणि प्रश्न विचारणाऱ्यांचे राजकारण

४ जुलै २०२५ रोजी, म्हणजे नेमक्या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तेथील अध्यक्षांनी एका अर्थसंकल्पीय कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने गरीब जनतेसाठी असलेल्या 'मेडिकेड' या सरकारी आरोग्य योजनेवर कुऱ्हाड चालविली. त्या देशाच्या संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने काढलेल्या अंदाजानुसार २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसांचे आरोग्य विम्याचे संरक्षण या कायद्यामुळे नाहीसे होणार आहे. धनिकांना दिलेल्या करसवलती कायम राहाव्यात म्हणून आजारी, अपंग आणि वृद्ध श्रमिकांच्या तोंडचे औषध काढून घेण्यात आले आहे.

या कायद्याविषयी अमेरिकन जनतेचे मत काय होते? ते अज्ञात होते असे म्हणण्याची सोय नाही. आरोग्य धोरणाविषयी वर्षानुवर्षे जनमत चाचण्या घेणाऱ्या केएफएफ या संस्थेने जून २०२५ मध्ये जो कौल घेतला, त्यात ६४ टक्के लोकांनी या विधेयकाविषयी प्रतिकूल मत नोंदविले, तर ८३ टक्के लोकांनी मेडिकेड योजनेविषयी अनुकूल मत दिले. त्याच वर्षी विमा हप्त्यांवरील वाढीव सरकारी सवलतींची मुदत संपत आली, तेव्हा ती वाढवावी असे याच संस्थेच्या चाचणीत ७८ टक्के लोकांनी सांगितले. या प्रश्नावर १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे त्रेचाळीस दिवस अमेरिकन सरकारचे कामकाज ठप्प झाले आणि अखेर सवलतींना मुदतवाढ न देताच ते पुन्हा सुरू झाले.

ज्या देशाने १९३५ साली गॅलप यांच्या संस्थेपासून जनमत चाचणीचे आधुनिक शास्त्र उभे केले, ज्या देशात साबणापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत प्रत्येक गोष्टीवर जनतेचे मत अजमावले जाते, त्या देशात आरोग्याच्या प्रश्नावरील बहुमताला ही किंमत आहे! भांडवली लोकशाहीचे पितळ उघडे पाडण्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा? परंतु एवढ्यावरच थांबणे पुरेसे नाही. जनमत कसे घडविले जाते, कसे मोजले जाते आणि कोणासाठी वापरले जाते, याचा विचार आपल्या देशातील लोकशाही चळवळीनेही करणे अगत्याचे आहे.

प्रथम प्रश्नाच्या शब्दांकडे पाहू. २०१० साली अमेरिकेत ओबामा सरकारने केलेल्या आरोग्य कायद्याला दोन नावे पडली. एक त्याचे अधिकृत नाव, 'परवडणाऱ्या आरोग्यसेवेचा कायदा', दुसरे 'ओबामाकेअर'. सीएनबीसी या वृत्तवाहिनीने सप्टेंबर २०१३ मध्ये लोकांच्या एका गटाला एका नावाने व दुसऱ्या गटाला दुसऱ्या नावाने तोच प्रश्न विचारला. 'ओबामाकेअर'ला ४६ टक्क्यांनी विरोध केला. अधिकृत नाव घेताच विरोध ३७ टक्क्यांवर आला आणि ३० टक्के लोकांनी हा कायदा म्हणजे काय हेच आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगितले. कायदा एकच, मते मात्र दोन. २०१७ साली हा कायदा रद्द करण्याचा घाट घातला गेला, तेव्हाही साधारण एक तृतीयांश अमेरिकनांना ही दोन नावे एकाच कायद्याची आहेत याची कल्पना नव्हती.

याहून बोधप्रद उदाहरण जानेवारी २०१९ चे आहे. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेली 'मेडिकेअर' योजना सर्वांना लागू करावी काय, असे केएफएफने विचारले. ५६ टक्के लोक अनुकूल होते. या योजनेने आरोग्य विमा हा प्रत्येकाचा हक्क ठरेल असे सांगताच अनुकूल मत ७१ टक्क्यांवर गेले. खाजगी विमा कंपन्या बंद होतील, अथवा बहुतेकांना अधिक कर द्यावा लागेल असे सांगताच ते ३७ टक्क्यांवर घसरले. आणि काही तपासण्या व उपचारांना विलंब लागेल असे म्हणताच ते अवघे २६ टक्के उरले! म्हणजे एकाच महिन्यात, एकाच जनतेकडून, ७१ टक्के आणि २६ टक्के असे दोन्ही कौल मिळू शकतात. यांपैकी कोणता आकडा वृत्तपत्राच्या मथळ्यात जाईल, हे त्या वृत्तपत्राचे मालक व जाहिरातदार कोण आहेत यावर अवलंबून राहते.

याचा अर्थ चाचणी घेणारे सारे अप्रामाणिक असतात असा नव्हे. वरील घसरण जगापुढे मांडली ती चाचणी घेणाऱ्या संस्थेनेच. मुद्दा वेगळा आहे. लोकांच्या मनात भीती असते; ती कोणी आणि किती पैसा ओतून पेरली, हे टक्केवारीत दिसत नाही.

ती पेरणी कशी होते याचा इतिहास उपलब्ध आहे. १९ नोव्हेंबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना संसदेपुढे मांडली. ट्रुमन काही समाजवादी नव्हते. शीतयुद्धाचा आरंभ करणाऱ्यांत त्यांची गणना होते. परंतु डॉक्टरांच्या धंदेवाईक हितसंबंधांचे रक्षण करणाऱ्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या माफक योजनेविरुद्ध युद्ध पुकारले. व्हिटेकर आणि बॅक्स्टर या प्रचार कंपनीला कंत्राट देण्यात आले, सभासदांकडून प्रत्येकी २५ डॉलर वर्गणी घेण्यात आली आणि १९४९ या एकाच वर्षात सुमारे १५ लाख डॉलर खर्च करण्यात आले. 'समाजवादी वैद्यक' या दोन शब्दांचे बुजगावणे दवाखान्या-दवाखान्यांत उभे करण्यात आले. योजना गाडली गेली. वृद्धांपुरती मेडिकेअर योजना यावयास १९६५ साल उजाडावे लागले आणि सर्वांसाठी ती आजही आलेली नाही. २०२३ साली त्या धनाढ्य देशात दोन कोटी साठ लाखांहून अधिक माणसे कोणत्याही विम्याविना होती.

तथापि जनमत हे केवळ प्रचाराच्या साच्यात ओतलेले मेण नाही. सर्वांना आरोग्य संरक्षण मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी आहे काय, हा प्रश्न गॅलप संस्था २००० सालापासून विचारीत आली आहे. २००६ साली ६९ टक्के लोक होय म्हणाले. कायद्याविरुद्धच्या प्रचाराने कळस गाठला त्या २०१३ साली हे प्रमाण ४२ टक्क्यांपर्यंत खाली आले. आणि २०२४ साली ते पुन्हा ६२ टक्क्यांवर चढले. ओबामांच्या कायद्याचेही तेच झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये केएफएफच्या चाचणीत त्याला केवळ ३३ टक्के अनुकूल मते होती. २०१७ साली तो हिरावून घेण्याचा प्रयत्न होताच, अपंग माणसे चाकाच्या खुर्च्यांवरून संसदेच्या कार्यालयांत धरणे देऊन बसली, गावोगावच्या सभांत प्रतिनिधींना जाब विचारण्यात आला, आणि त्यानंतर अनुकूल मत निम्म्यापलीकडे गेले. जनता अनुभवातून आणि संघर्षातून शिकते, हा धडा याच टक्केवारीने दिला आहे.

ब्रिटनचा अनुभव दुसरी बाजू दाखवितो. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्याच वर्षाच्या आरंभी डॉक्टरांच्या संघटनेने घेतलेल्या मतदानात प्रचंड बहुमत तिच्या विरोधात होते! कामगार चळवळीच्या रेट्यापुढे तो विरोध टिकला नाही. आज दीर्घकाळच्या आर्थिक उपासमारीमुळे या सेवेची दैना झाली आहे. ब्रिटिश सामाजिक दृष्टिकोन सर्वेक्षणात २०१० साली ७० टक्के लोक तिच्याविषयी समाधानी होते; २०२४ साली केवळ २१ टक्के उरले. खाजगीकरणाचे भाट हा आकडा नाचवितात. परंतु त्याच सर्वेक्षणात, उपचार विनामूल्यच असले पाहिजेत या तत्त्वाला दहापैकी नऊ लोकांनी पाठिंबा दिला आहे. लोक सेवेच्या दुरवस्थेवर चिडलेले आहेत, सेवेच्या तत्त्वावर नव्हे.

हाच गोंधळ आपल्या देशात हेतुपुरस्सर माजविला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील सुमारे निम्मी कुटुंबे आजारपणात सामान्यतः सरकारी दवाखान्यात जात नाहीत. या आकड्याचा अर्थ 'लोकांनी खाजगी क्षेत्र पसंत केले' असा लावला जातो. पण त्याच सर्वेक्षणात लोकांनी कारणेही सांगितली आहेत : सेवेचा दर्जा निकृष्ट, ताटकळणे फार, जवळ दवाखानाच नाही. ही पसंती नव्हे. ही हतबलता आहे. आणि तिची किंमत काय? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, बाळंतपणे वगळता, एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. सातपटीहून अधिक! कर्ज काढून, दागिने गहाण टाकून, शेत विकून केलेल्या या खर्चाला 'ग्राहकाची निवड' म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

आपल्याकडे निवडणूक जवळ आली की कोण जिंकणार याच्या चाचण्यांना ऊत येतो. परंतु विमा कंपनीचे कार्ड हवे की गावात डॉक्टर व औषधे असलेला दवाखाना हवा, हा प्रश्न देशातील शेतमजुराला, बांधकाम कामगाराला, आशा सेविकेला कोणी क्वचितच विचारतो. भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये. २०१५ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्याचा हक्क कायद्याने देण्याची कल्पना होती आणि मसुद्यावर जनतेची मतेही मागविण्यात आली. २०१७ साली धोरण जाहीर झाले तेव्हा तो कायदा गायब होता! सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे आश्वासन त्यात होते. सरकारच्याच २०२१-२२ च्या हिशेबात तो १.८४ टक्के होता आणि एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के थेट लोकांच्या खिशातून जात होता. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेत पाच लाखांच्या विम्याचा गाजावाजा आहे. पण रुग्णालयात दाखल न होता रोज घ्यावी लागणारी औषधे आणि तपासण्या, ज्यांच्यापायी गरीब कुटुंब महिन्या-महिन्याला पोखरले जाते, त्या या विम्याच्या बाहेरच राहिल्या.

राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्क कायदा मंजूर करताच खाजगी डॉक्टरांनी संप पुकारला आणि एप्रिलच्या आरंभी सरकारला तडजोड करून, सरकारी जमीन वा सवलती न घेतलेल्या खाजगी रुग्णालयांना वगळणे मान्य करावे लागले. १९४९ च्या अमेरिकेची ही आवृत्ती होती. रस्त्यावर डॉक्टर दिसले. ज्यांच्यासाठी कायदा होता ते रुग्ण मात्र संघटितपणे दिसले नाहीत.

येथे डाव्या व लोकशाही चळवळीने स्वतःकडेही कठोरपणे पाहिले पाहिजे. वेतन, जमीन, रेशन यांवर आपण मोर्चे काढले. पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बंद दारापुढे किती वेळा गेलो? सरकारी दवाखाना वाचवा ही घोषणा त्या दवाखान्यात अपमानित होऊन परतलेल्या स्त्रीला पटावयाची असेल, तर तिचा राग प्रथम ऐकून घेतला पाहिजे. तो राग म्हणजे शत्रूचा प्रचार नव्हे. खाजगीकरणाविरुद्धच्या लढ्याचा तो कच्चा माल आहे.

ऐकून घेण्याचे साधनही आपल्याकडे आहे. २००७ च्या सुमारास महाराष्ट्रासह नऊ राज्यांत सरकारी आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. त्यातील जनसुनावणीत गावकरी अधिकाऱ्यासमोर उभे राहून बोलतात. प्रश्न तेच विचारतात आणि उत्तर अधिकाऱ्याला द्यावे लागते. चाचणीत माणूस एकटा असतो, त्याच्यापुढे चार पर्याय दुसऱ्याने लिहिलेले असतात. सुनावणीत तो समुदायाचा घटक असतो आणि पाचवा पर्याय तो स्वतः उच्चारतो.

म्हणून आमचे आवाहन आहे : कामगार संघटना, किसान सभा, महिला संघटना आणि युवकांनी प्रत्येक तालुक्यात आरोग्याची जनसुनावणी भरवावी. किती पदे रिकामी, कोणती औषधे बाहेरून आणावी लागली, कोणी किती कर्ज काढले, याची घरोघर नोंद करावी आणि ती नोंद घेऊन सरकारच्या दारी जावे. अमेरिकेच्या अनुभवाने दाखवून दिले आहे की, मोजलेले बहुमत सत्ताधारी खुशाल पायदळी तुडवितात. संघटित बहुमत तुडविणे त्यांना तितके सोपे जात नाही.